पत्र कोणाकडे उरते? : खासगी दप्तरे आणि विद्यापीठांतील संग्रह



स्मृतिव्याख्यानात इतिहासावर बोलायचे म्हटले की वक्त्याने एखादी लढाई किंवा एखादा पराक्रमी पुरुष निवडावा, अशी अपेक्षा असते. ती मी आज पुरी करणार नाही. लढाया आणि पुरुष ज्या कागदांवरून आपल्याला कळतात, त्या कागदांचे पुढे काय झाले, ते कोणाच्या घरी राहिले, कोणी बांधून ठेवले, आणि अखेर विद्यापीठांच्या दारी कसे पोचले, हा आजचा विषय आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु इंदुरात बसून इतिहासाचा विचार करणाऱ्याला तो टाळता येत नाही, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे.

पत्र ज्याने लिहिले त्याच्याकडे ते राहत नाही. ज्याला लिहिले त्याच्याकडे ते राहते. लिहिणाऱ्याकडे फार तर मसुदा किंवा नक्कल उरते, आणि तीही त्याचा कारकून दक्ष असेल तरच. त्यामुळे कोणत्याही घराण्याच्या, दरबाराच्या किंवा गावाच्या इतिहासाचा मोठा भाग त्या गावाबाहेर पडलेला असतो. आपल्या दप्तरात आपल्याला सापडतात ती दुसऱ्यांची मने. आपले मन पाहायचे तर दुसऱ्याच्या दप्तराकडे जावे लागते.

याचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्याच प्रांतातले आहे. देवी अहिल्याबाईंच्या काळी होळकरांचा दरबार महेश्वरी होता. राजधानी इंदुरास आली ती १८१८ च्या मंदसोर तहानंतर. त्या महेश्वरच्या दरबारात पुण्याची माणसे असत आणि रोजचे वर्तमान पुण्यास लिहून पाठवीत. दरबारात कोण आले, कोण गेले, हिशेबावरून तुकोजीरावांशी कोठे खटकले, कोणत्या सरदाराचा कल कोणीकडे झुकतो आहे, असा तो मजकूर. ही पत्रे पुढे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी ‘महेश्वर दरबारची बातमीपत्रे’ या नावाने दोन भागांत छापली. अहिल्याबाईंच्या उत्तरायुष्याविषयी लिहिणारा कोणताही अभ्यासक या पत्रांना वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. येथला राजवाडा १८०१ साली सर्जेराव घाटग्याच्या स्वारीत जळाला आणि १९८४ साली पुन्हा आगीत सापडला. पुण्यास गेलेले कागद मात्र या दोन्ही आगींपासून दूर राहिले.

पुण्यास असले कागद ज्यांच्याकडे येत, ते बाळाजी जनार्दन ऊर्फ नाना फडणीस. त्यांच्या दप्तराची कहाणी मी थोडी सविस्तर सांगणार आहे. आज जगातील तीन निरनिराळ्या विद्यापीठांच्या संग्रहांतून या एका माणसाच्या जगाचे तुकडे पडलेले आहेत, आणि खासगी कागद म्हणजे काय हा प्रश्न त्यांच्या निमित्ताने नीट समजतो.

नाना १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास जन्मले व १३ मार्च १८०० रोजी पुण्यास वारले. १७७४ च्या बारभाईंच्या कारस्थानापासून पुढे पाव शतक मराठी राज्याच्या कारभाराची सूत्रे बहुतेक काळ त्यांच्या हाती होती. साडेतीन शहाण्यांत त्यांची गणना अर्धा शहाणा अशी होते, कारण तलवार त्यांनी गाजवली नाही. त्यांचे हत्यार कागद हे होते. दिल्ली, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, कलकत्ता, महेश्वर, जेथे जेथे म्हणून राजकारण शिजत होते तेथे तेथे त्यांचे वकील व बातमीदार होते, आणि त्या सर्वांच्या लेखण्यांची टोके नानांच्या सदरेकडे वळलेली होती.

आता असे कागद सरकारी म्हणावेत की खासगी? आजच्या कायद्याची भाषा त्या काळाला लावली की घोटाळा होतो. त्या काळी अंमलदाराचा वाडा हीच त्याची कचेरी होती. ओसरीवर कारकून बसत, आत कुटुंब राहत असे. तहाचा मसुदा, मुलीच्या लग्नाची याद, किल्लेदाराचा अर्ज आणि गुरुजींचे आशीर्वादपत्र ही सारी एकाच रुमालात बांधली जात. पेशव्यांचे हुजूर दप्तर पुढे इंग्रजांच्या ताब्यात जाऊन पुण्याच्या सरकारी कचेरीत राहिले. त्याचे रुमाल पस्तीस हजारांच्या घरात मोजले जातात. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. परंतु नानांच्या व्यक्तिगत दप्तराचा मोठा भाग त्या वाटेने गेला नाही. तो वाईजवळ कृष्णाकाठी असलेल्या मेणवलीच्या वाड्यात राहिला. म्हणूनच त्याला मेणवली दप्तर म्हणतात.

मेणवलीस गेलेल्यांना तेथला घाट, आणि वसईच्या मोहिमेची आठवण सांगणारी ती पोर्तुगीज घंटा ठाऊक असेल. प्रवासी घंटा पाहतात, तिचे छायाचित्र घेतात आणि परततात. त्याच गावच्या वाड्यातून मराठ्यांच्या उत्तरकाळाच्या इतिहासाचे केवढे साधन बाहेर पडले, याची आठवण सांगणारा मनुष्य घाटावर क्वचितच भेटतो.

नानांच्या लेखनात एक लहानसे आत्मचरित्रही आहे. बालपणापासून पानिपतच्या प्रसंगापर्यंतची हकिगत त्यात येते. पानिपतच्या वेळी नानांना एकोणिसावे वर्ष चालू होते. काशीयात्रा, तीर्थस्नान, देवदर्शन या ओढीने ते आईला घेऊन लष्कराबरोबर उत्तरेकडे गेले होते. १४ जानेवारी १७६१ नंतर ते स्वतः जीव वाचवून परतले, पत्नीही वाचली, पण आई गेली. पुढे ज्यांच्या धूर्तपणाची इंग्रजांनीही धास्ती घेतली, त्या मुत्सद्द्याच्या हातचे हे लेखन वाचताना आपण थबकतो. तारुण्यातील मनाचे विकार, देवापुढे केलेली कबुली, आईवाचून आलेले पोरकेपण हे त्यात उघडपणे मांडलेले आहे. दरबारी कागदांतून दिसणारे नाना आणि हे नाना यांची गाठ एरवी कधीच पडली नसती. जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने या लेखाचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा त्यालाही या मोकळेपणाचेच नवल वाटले असावे असे मला वाटते. व्यक्तिगत कागदांची खरी किंमत अशा ठिकाणी कळते. राज्याच्या दप्तरातून निर्णय कळतो. निर्णय घेणाऱ्याला रात्री झोप लागत होती की नाही, हे त्याच्या घरच्या कागदांतूनच कळते.

नाना वारले तेव्हा त्यांच्या मागे उरल्या त्या जिऊबाई. वयाने त्या अगदी लहान होत्या. दुसरे बाजीराव आणि दौलतराव शिंदे या दोघांचीही नजर नानांच्या संपत्तीवर होती. तशा काळात ज्या बालविधवेच्या पाठीशी ना पुत्र ना सैन्य, तिचे काय व्हायचे? २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ बाजीराव व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला आणि पुण्याची घडी विस्कटली. नानांचा विश्वासू माणूस धोंडो बल्लाळ नित्सुरे याच्या ताब्यात लोहगड होता. त्याने जिऊबाईंना गडावर आश्रय दिला. वसईच्या तहानंतर इंग्रजांची फौज घेऊन सर आर्थर वेलस्ली पुण्यास आला, आणि किल्लेदाराशी बोलणे करून जिऊबाईंच्या जीविताची व सालिना बारा हजार रुपयांच्या नेमणुकीची हमी इंग्रजांनी घेतली. त्या काही काळ पनवेलीस राहिल्या. पेशवाई बुडाल्यावर त्या मेणवलीस राहू लागल्या, त्यांनी दत्तक घेतला, आणि १८५४ साली तेथेच त्यांचा अंत झाला.

नाना गेले त्याला तेव्हा चौपन्न वर्षे झाली होती. मराठी राज्याचा अंत, कंपनी सरकारचा भर, साताऱ्याचे राज्य खालसा होणे, हे सगळे या बाईंनी पाहिले. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना दोन ओळींपेक्षा अधिक जागा मिळत नाही. पण मेणवलीचे घर त्यांनी चालते ठेवले, आणि घर चालते राहिले म्हणून घरातले कागदही घरात राहिले. नवरा मेल्यावर वाड्याला कुलूप पडले, भाऊबंदांनी सामान वाटून घेतले आणि दप्तर परसात गेले, अशा घराण्यांची उदाहरणे आपल्यापैकी अनेकांना नावानिशी माहीत असतील. तसे मेणवलीस झाले नाही. कागद राखणाऱ्यांच्या नामावळीत संशोधकांच्या आधी अशा बायकांची नावे यायला हवीत.

याच प्रसंगाचे दुसरे टोक मात्र सातासमुद्रापार आहे. आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याचे कागद त्याच्या घराण्यात राहिले आणि १९८३ साली ब्रिटिश सरकारने राष्ट्रीय वारशाविषयीच्या कायद्यान्वये ते साउदॅम्प्टन विद्यापीठाकडे सोपवले. संग्रह सुमारे एक लाख कागदांचा आहे. असई, अडगाव व गाविलगड या १८०३ च्या मोहिमांचा सेनापती काय लिहीत होता आणि त्याला कोण काय लिहीत होते, याचा शोध घेणाऱ्याला हिंदुस्थानातील कागदांसाठीही तेथे जावे लागते. जिऊबाईंच्या भेटीविषयी वेलस्लीने लिहिलेले एक पत्र फार पूर्वीच छापले गेले आहे. लढाईच्या धामधुमीत असलेला सेनापती एका लहान विधवेच्या रूपाचे कौतुक करतो आणि तिच्यासाठी तह करावा लागला यात काही गैर झाले नाही असे सुचवतो. जिऊबाईंची बाजू मेणवलीस, वेलस्लीची बाजू साउदॅम्प्टनला, अशी एका भेटीची दोन टोके झाली.

छापील पुस्तक हाती आहे तर मूळ कागद कशाला, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. वेलिंग्टनचेच उदाहरण त्यांना उत्तर देते. त्याची पत्रे १८३४ पासून कर्नल गुरवुड याने छापली तेव्हा अनेक हयात लोकांची नावे गाळली आणि त्या जागी रेघा ओढल्या. सभ्यतेच्या दृष्टीने ते योग्य असेल. पण कोणत्या माणसाविषयी सेनापतीने काय मत दिले हे छापील ओळीवरून कळत नाही, ते मूळ पत्रावरून कळते. संपादक कितीही प्रामाणिक असला तरी तो निवड करतोच. ज्या दिवशी मूळ कागद नाहीसा होतो, त्या दिवशी संपादकाची निवड हाच इतिहास होऊन बसतो.

त्याच साउदॅम्प्टन विद्यापीठात आपल्या अगदी अलीकडच्या इतिहासाचाही एक संग्रह आहे. लॉर्ड माउंटबॅटन यांच्या घराण्याचे ब्रॉडलँड्स दप्तर विद्यापीठाने २०११ साली सार्वजनिक निधीच्या मदतीने विकत घेतले. पैसा लोकांचा होता, तरी माउंटबॅटन पतिपत्नींच्या दैनंदिन्या व पत्रे यांतील भाग सरकारच्या सांगण्यावरून बंद राहिला. एका चरित्रकाराने माहितीच्या अधिकाराखाली त्यांची मागणी केली, त्यासाठी स्वतःच्या खिशातून मोठा खर्च सोसला, आणि काही वर्षांच्या वादानंतर २०२१ साली त्यातला बहुतेक भाग खुला झाला. नानांच्या काळी खासगी व सरकारी यांच्यामध्ये भिंतच नव्हती. माउंटबॅटन यांच्या बाबतीत भिंत होती, पण ती नेमकी कोठे उभी आहे यावर एकमत नव्हते. विद्यापीठाने कागद घेतले म्हणजे ते आपोआप सर्वांचे झाले असे होत नाही, एवढे या प्रकरणावरून ध्यानात ठेवावे.

आता पुन्हा मेणवलीकडे येऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी या दप्तराला रावबहादूर पारसनिसांचा हात लागला. पारसनीस (१८७०–१९२६) हा विलक्षण गृहस्थ होता. त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. चोविसाव्या वर्षी त्यांनी झाशीच्या राणीचे चरित्र लिहिले. ‘भारतवर्ष’ व ‘इतिहाससंग्रह’ ही मासिके चालवली. संस्थानिक, सरदार, इंग्रज अधिकारी या सर्वांशी त्यांचे गोडीचे संबंध होते, आणि त्या गोडीने बंद दरवाजे उघडत. ज्या कोठीच्या किल्ल्या राजवाड्यांसारख्या तापट संशोधकाला मिळाल्या नसत्या, त्या पारसनिसांना मिळत. राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तो पानिपतच्या आधीच्या दशकाच्या पत्रांचा. तेही कागद वाईच्याच परिसरातले. एकाच कृष्णाकाठी दोन संशोधक, आणि दोघांच्या रीती दोन टोकांच्या.

पारसनिसांनी पत्रे, फारशी अखबार, चित्रे, नकाशे, हस्तलिखिते असा प्रचंड संग्रह केला आणि तो एका घरात कोंडून न ठेवता त्याचे सार्वजनिक संग्रहालय व्हावे म्हणून खटपट केली. साताऱ्याचे ऐतिहासिक संग्रहालय हे त्या खटपटीचे फळ. पुढच्याच वर्षी, १९२६ साली, ते निवर्तले. त्यांचे ऋण मान्य करूनही एक दोष सांगितला पाहिजे. संग्राहकाला कागद आवडतो तो त्यातल्या मजकुरासाठी. तो रुमाल सोडतो, चांगले पत्र निवडून वेगळे काढतो, विषयवार लावतो आणि छापतो. छापलेले पत्र कोणत्या पुडक्यात, कोणत्या पत्राच्या शेजारी होते, ही नोंद मागे पडते. सामान्य वाचकाला त्याचे काही वाटत नाही. अभ्यासकाला मात्र फार वाटते. एखाद्या बिनतारखेच्या पत्राचा काळ पुष्कळदा शेजारच्या पत्रावरून ठरतो. जुन्या कारकुनाने जो रुमाल बांधला तोच त्याचा अर्थ सांगत असतो. रुमालाची गाठ एकदा सुटली की ती पुन्हा कोणालाही तशीच बांधता येत नाही. त्या काळच्या बहुतेक सर्व संग्राहकांचा हा दोष होता, एकट्या पारसनिसांचा नव्हे. आणि त्यांनी संग्रह केलाच नसता तर दोष काढायलाही काही उरले नसते.

पारसनिसांच्या मागे साताऱ्याचा संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. तो ज्या संस्थेत आला तिची त्या वर्षीची स्थिती माजी विद्यार्थ्यांच्या या सभेत अवश्य सांगितली पाहिजे. १८२१ साली विश्रामबागवाड्यात हिंदू पाठशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था पुढे डेक्कन कॉलेज झाली. टिळक आणि आगरकर तेथलेच. अशी ही संस्था मुंबई सरकारने १९३४ साली बंद केली. तिच्या माजी विद्यार्थ्यांनी ते मुकाट्याने सोसले नाही. ते न्यायालयात गेले. सर जमशेटजी जीजीभाईंनी दिलेल्या देणगीचा हेतू सरकारला असा मोडता येणार नाही, असा त्यांचा दावा होता. पाच वर्षांनी, १७ ऑगस्ट १९३९ रोजी, ती पदव्युत्तर अध्ययन व संशोधनाची संस्था म्हणून पुन्हा उघडली. नानांचे कागद तिच्याकडे आले ते याच वर्षी. माजी विद्यार्थ्यांनी कोर्टाची पायरी चढली नसती तर साताऱ्याच्या संग्रहाला तसे घर मिळाले असते का, हे ज्याने त्याने ठरवावे. १९९० साली या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

संग्रह विद्यापीठात आल्याने फरक काय पडला? फरक असा की कागद आणि अभ्यासक एका छपराखाली आले. त्र्यंबक शंकर शेजवलकर त्या संस्थेत मराठ्यांच्या इतिहासाचे अध्यापक होते. पानिपतवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ तेथूनच १९४६ साली निघाला. शेजवलकरांचे मत कोणाला पटो न पटो, कागदावर बोट ठेवल्याशिवाय ते बोलत नसत. सर जदुनाथ सरकारांनी पारसनीस संग्रहातील फारशी बातमीपत्रांचे इंग्रजी भाषांतर केले, आणि १७६१ ते १७८८ या काळातील दिल्लीच्या घडामोडींचा तो खंड १९५३ साली मुंबई सरकारने प्रसिद्ध केला. तेव्हा सरकारांचे वय ऐंशीच्या पुढे गेले होते. दिल्लीच्या बादशहाच्या दरबारातील वर्तमान, फारशीत लिहिलेले, पुण्याच्या मुत्सद्द्याला पाठवलेले, साताऱ्याच्या संग्राहकाने जपलेले, पुण्याच्या महाविद्यालयात ठेवलेले आणि बंगाली पंडिताने इंग्रजीत आणलेले, असा त्या खंडाचा प्रवास आहे. दिल्लीचा इतिहास दिल्लीस उरला नाही. ज्याला पत्रे लिहिली त्याच्याकडे तो उरला.

नानांच्या जगाचा तिसरा तुकडा अमेरिकेत आहे. पुण्याचा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने जेम्स वेल्स नावाच्या चित्रकाराला पुण्यास आणले. वेल्सने सवाई माधवराव, नाना व महादजी यांची चित्रे काढली. आज शालेय पुस्तकांत नानांचा जो कृश, विचारी चेहरा आपण पाहतो तो या परंपरेतला. मॅलेटसाठी काम करणारा पुण्याचाच एक चित्रकार होता, गंगाराम तांबट. वेरूळची लेणी त्याने काढली. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही त्याने १७९० साली काढला. या गंगारामाची चित्रे आणि वेल्सचे कागद आज येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आहेत. न्यू हेवन येथील हे केंद्र १९७७ साली लोकांसाठी उघडले, आणि २०११ साली तेथे भरलेल्या एका प्रदर्शनात गंगाराम तांबट जगापुढे आला. पुण्यात त्याची आठवण कोणाला नव्हती. मॅलेट आणि वेल्स यांच्या संग्रहातून त्याची पाने वाचली म्हणून हा कारागीर आपल्याला परत मिळाला. आपला माणूस परदेशी कागदांत सापडला याचे काहींना वैषम्य वाटते. मला ते वाटत नाही. आपण जपले नाही ते कोणीतरी जपले, आणि पाहणाऱ्यासाठी दार उघडे ठेवले. वैषम्य वाटायचे असेल तर जे आपल्याच माळ्यावर नष्ट झाले त्याचे वाटावे.

कारण नष्ट झालेल्याचा हिशेब मोठा आहे. १९४८ च्या जाळपोळीत सातारा, सांगली, कोल्हापूर भागांतील वाड्यांबरोबर कितीतरी दप्तरे गेली. आग न लागताही कागद गेले ते वाळवीने, पावसाने आणि सर्वांत अधिक रद्दीवाल्याच्या तराजूने. मोडी लिपी शाळांतून गेल्यावर घरातल्या पुढच्या पिढीला तो कागद केवळ वेडावाकडा दिसू लागला, आणि जे वाचता येत नाही त्याची किंमत कोण करणार? मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे हे शाळेतले संस्कृतचे शिक्षक. पटवर्धनांचे दप्तर वाचून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड काढले, नानांचे चरित्र लिहिले, आणि हे सारे शाळेचे तास सांभाळून केले. हे मी शाळेच्या व्यासपीठावरून मुद्दाम सांगतो आहे. मोडी वाचायला शिकणे हे फार कठीण काम नाही. चिकाटीच्या विद्यार्थ्याला काही महिन्यांत छापील नमुने वाचता येतात. हस्ताक्षरांची ओळख पुढे सरावाने होते.

आपल्या मंडळींच्या घरी अजून कागद आहेत. माळव्यात आलेली मराठी घराणी ही कमाविसदार, फडणीस, वकील, पोतनीस, पुराणिक, सावकार यांची. ज्यांच्याकडे लिहिण्यावाचण्याचे काम होते त्यांच्याकडे पत्रे येणारच. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा इतिहास पाहा. आनंदराव भाऊ फाळके यांनी शिंदेशाहीच्या इतिहासाची साधने छापली ती मुख्यतः कोट्याच्या गुळगुळे दप्तरावरून. गुळगुळे हे कोट्यास शिंद्यांचे अंमलदार. शिंद्यांनी त्यांना जे लिहिले ते ग्वाल्हेरीस न उरता कोट्यास उरले. क्वचित दोन्ही टोके हाती येतात. दिल्लीचे वकील हिंगणे यांनी पुण्यास लिहिलेली पत्रे पारसनिसांनी छापली होती. पुण्याहून हिंगण्यांना आलेली पत्रे नाशिकजवळच्या चांदोरीस त्यांच्या वंशजांकडे होती, ती भारत इतिहास संशोधक मंडळाने १९४५ पासून प्रसिद्ध केली. तेव्हा कोठे प्रश्न आणि उत्तर शेजारी शेजारी ठेवता आले.

म्हणून ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांना दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. कागद निवडू नका. ‘महत्त्वाचे तेवढे ठेवले, बाकी हिशेब होते ते टाकले’ असे सांगणारे यजमान भेटतात तेव्हा काय बोलावे ते सुचत नाही, कारण धान्याचे भाव, मजुरी, व्याजाचे दर, लग्नाचा खर्च हे सगळे त्या टाकलेल्या हिशेबातच होते. रुमाल जसा बांधलेला आहे तसाच राहू द्या. संस्थेच्या स्वाधीन करताना फेरिस्त करा, तीवर दोन्हीकडच्या सह्या घ्या, आणि कागद किती वर्षांनी व कोणाला पाहता येतील ते लेखी ठरवा. घरातल्या हयात माणसांविषयीचे नाजूक कागद काही काळ बंद ठेवायला हरकत नाही, पण मुदत घाला. बेमुदत बंद ठेवलेला कागद आणि जळालेला कागद यांत अभ्यासकाच्या दृष्टीने फार अंतर नसते. विद्यापीठाकडूनही आपली अपेक्षा असावी की त्याने नुसती पेटी ठेवून घेऊ नये, यादी छापावी, मोडी जाणणारा माणूस नेमावा आणि छायाप्रती देणाऱ्याला द्याव्यात. आता यंत्राने प्रतिमा घेणे सोपे झाले आहे. मूळ कागदाला वारंवार हात लावण्याची गरज त्यामुळे कमी होते, पण मूळ टाकून देण्याची सवड मिळत नाही.

आरंभी मी महेश्वरच्या बातमीपत्रांचा उल्लेख केला. ती पत्रे महेश्वराहून पुण्यास गेली, म्हणून पुण्याच्या बाजूला उरली. पण पुण्याहूनही महेश्वरास पत्रे येतच असतील. बातमीदाराला सूचना येत, विचारणा येत, कधी कानउघाडणीही होत असेल. ती पत्रे ज्या माणसाच्या हाती पडली तो येथे राहत होता, त्याचे बिऱ्हाड नर्मदेच्या काठी होते, त्याचे वंशज कदाचित याच शहरात असतील. नानांच्या हातची ती उत्तरे उरली असतील तर ती पुण्यात नव्हेत, साउदॅम्प्टनला नव्हेत. ती या बाजूच्या एखाद्या घरी, तांबड्या खारव्याच्या रुमालात असतील.